न बसणारे भाऊकाका

भाऊकाका मंगळवारी गेले. शनिवारी ते झांबियाला परत निघायचे होते. बॅग भरलेली होती.

काका कधी बसत नसत. चहा उभ्याने, पेपर उभ्याने. सुट्टीत पालीच्या घरी आले की पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. काकू म्हणायची, "अहो, टेका जरा. जमीन झिजेल." "तिकडे पोरं वाट बघतायत," एवढंच उत्तर.

अठ्ठ्याण्णव साली ते तिकडच्या एका शाळेत गणित शिकवायला गेले. बाकाला एकच पुस्तक. "आपली पोरं पुस्तक घरी विसरतात," ते कौतुकाने सांगत. "तिकडची गणित पाठ करतात आणि पुस्तक शेजारच्याला देतात."

पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून चूक झाली. ग्रेस नावाची मुलगी बरेच दिवस आली नाही. आल्यावर काकांनी, इथे करत तसंच, तिला वर्गाबाहेर उभं केलं. ती निमूट उभी राहिली. मधल्या सुट्टीत कळलं, तिचे वडील वारले होते. संध्याकाळी काका तिच्या घरी गेले, वाटेत शब्द जुळवत. ते लागलेच नाहीत. तिथल्या रीतीने माणसं अंगणात जमिनीवर गप्प बसली होती. ग्रेसच्या आजीने सरकून जागा दिली. "तेव्हा मी बसलो," काका म्हणत.

त्या वर्षांत तिकडे आजाराने घरंच्या घरं रिकामी होत होती. काका पुष्कळ अंगणांत बसले. मग इथेही तेच. कुणाकडे मयत झालं की दारापुढच्या खळ्यात मातीवर बसायचे, ऊन उतरेपर्यंत, एक शब्द न बोलता.

"सर, आफ्रिकेत खुर्च्या नाहीत काय?" इथल्या एका जुन्या विद्यार्थ्याने एकदा विचारलं.

"आहेत. त्यांच्यावरही मी बसत नाही."

शेवटच्या खेपेला छातीत दुखलं आणि रजा वाढली. ग्रेसच्या वर्गाची शेवटची परीक्षा तोंडावर होती, निम्मी भूमिती राहिली होती. डॉक्टर नको म्हणाले, काकूही. काकांच्या फेऱ्या वाढल्या. "परीक्षेपुरता जातो. मग तू सांगशील तिथे बसेन." शेवटी काकूनेच बॅग भरली.

मंगळवारी खळं भरलं. जो तो विचारत होता, कसं झालं, कधी झालं. मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होतो. काकू पडवीतून उतरली, मातीवर बसली आणि थोडी सरकली. मी बसलो. हळूहळू सगळे बसले. मग कुणी काही विचारलं नाही.

ग्रेसच्या वर्गाची भूमिती कुणी पुरी केली, मला कळलं नाही. बॅग अजून भरलेली आहे.