छत्री, पेला आणि १९०८

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतोय. पार्टवर केसाएवढी रेघ दिसली तरी लाल टॅग लावतो. लाईनवरची पोरं मला माघारी ‘रिजेक्टराव’ म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुमचा विश्वास बसायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दापोडीत एक जुनं बैठं घर घेतलं. दोन खोल्या, माळा, वर पत्रा. माझ्या बायकोचा, वर्षालीचा बेत सरळ होता. दिवाळी झाली की पाडायचं, तीन मजले चढवायचे आणि वरचे दोन भाड्यानं द्यायचे. गल्लीत सगळ्यांनी तेच केलंय. मीही मान डोलावली होती.

पण वास्तुशांतीला माझा मेव्हणा हिंदुराव आला आणि घात झाला. त्याचं गावाकडं दगडी घर आहे आणि ते तो बरोबर घेऊनच फिरतो. जेवताना म्हणाला, “दाजी, आमच्या घराला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तुमच्या ह्या खुराड्याला काय आहे?”

तोंडात जिलेबी होती म्हणून मी गप्प बसलो. बोल मात्र डोक्यात बसला.

पुढच्याच आठवड्यात मागच्या दाराचा हिरवा ऑइलपेंट खरवडत होतो. पोपडा निघाला आणि आतून काळी इंग्रजी अक्षरं आली. हॅम्बुर्ग! खाली आकडा, १९०८. शेजारच्या फळीवर एक छत्री आणि देठाचा पेला रंगवलेला. अंगावर काटाच आला, राव! हॅम्बुर्ग जर्मनीत, एवढं तर मलाही कळतं. छत्री म्हणजे राजचिन्ह. असला पेला साहेब लोकांशिवाय कुणाकडं असणार? आणि १९०८ म्हणजे १९०८. मी तिथंच फरशीवर बसकण मारली आणि ठरवून टाकलं की हा कुणा जर्मन साहेबाचा बंगला होता.

मग सुरू झालं संशोधन. वही घेतली, तीन रंगांची पेनं घेतली. पहिले साक्षीदार शेजारचे दौलतराव. ते म्हणाले, “धोंडीबाचं घर आहे हे. कंपनीत होता बिचारा. त्यानंच बांधलं.”

“त्याच्या आधी काय होतं?”

“आधी? बाभळी होत्या.”

मी वहीत लिहिलं, ‘साक्षीदार भरवशाचा नाही.’ पालिकेत गेलो तर घरपट्टीची पहिली नोंद १९७४ ची निघाली. मी लिहिलं, ‘आधीचे कागद गहाळ.’ कंपनीत एखाद्यानं असा रिपोर्ट आणला असता तर मी त्याच्या अंगावर फेकला असता.

वर्षालीला म्हणालो, “ऐतिहासिक वास्तू आहे. पाडता येणार नाही.” ती पोळी लाटत होती. म्हणाली, “दिवाळीपर्यंत पुरावा आणा. नाहीतर मी ठेकेदाराला बोलावते.” आमच्याकडं शेवटची सही तिचीच असते.

मी काय केलं असेल? पुराव्याआधी पाटी केली. आमच्या कंपनीतल्या सुजितकडून लेसरनं स्टीलवर कोरून घेतली, ‘जर्मन कोठी, स्थापना १९०८’. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

आता फक्त एक जुना माणूस हवा होता, हो म्हणायला. घर आम्ही ज्यांच्याकडून घेतलं ते धम्मरत्न ओव्हाळ चिंचवडला सोसायटीत राहतात. धोंडीबांचा हा मुलगा. त्यांची आई गिरजाबाई अजून खणखणीत आहेत असं कळलं. मी दोघांना रविवारी चहाला बोलावलं. दौलतरावांनाही बोलावलं. आणि हिंदुरावाला तर मुद्दाम गाडीभाडं देऊन बोलावलं, त्याचा चेहरा पडलेला बघायला.

गिरजाबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, काटकुळ्या, “जयभीम” म्हणून कुणाचा हात न धरता पायरी चढल्या. मी उभं राहून दहा मिनिटं भाषण केलं. जर्मन साहेब, राजचिन्ह, सगळं. शेवटी दाराकडं बोट करून विचारलं, “मावशी, तुम्हाला काही आठवतं का?”

त्यांनी फळीवर तळवा ठेवला. “ही व्हय? ही मशिनीच्या पेटीची फळी हाय.”

माझं बोट दाराकडंच राहिलं.

“कंपनीत परदेशातनं मशिनी यायच्या, ह्या लाकडाच्या पेट्यांतनं. रिकाम्या पेट्या कामगारांना चिठ्ठ्या टाकून मिळायच्या. निम्म्या गल्लीची दारं तसलीच व्हती. छत्री म्हंजी भिजू देऊ नका. प्याला म्हंजी फुटंल, आदळू नका. आन् त्यो आकडा वजनाचा, किलोमदी.”

हिंदुरावाला चहाचा असा ठसका लागला की दौलतरावांना त्याची पाठ चोळावी लागली. आणि मी? अहो, माझ्या टेबलावर रोज दोनशे खोकी येतात. प्रत्येकावर छत्री, प्रत्येकावर पेला. गेल्याच महिन्यात छत्री उलटी छापली म्हणून मी अख्खा लॉट परत पाठवला होता! धरणीमाते पोटात घे, असं झालं मला.

गिरजाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुमी एवढा शोध घेतला. मग घर कुनी बांधलं, काय कळलं?”

“धोंडीबांनी,” मी म्हणालो.

“समदे त्येच म्हनत्यात. त्यांची डबल शिफ्ट. घरी यायचे, दार तिरपं बसलंय म्हनायचे आन् झोपायचे. दुष्काळात आमी करमाळ्याकडनं आलो. फळ्या मी आनल्या, पिंपरीच्या गेटापास्नं, डोक्यावर. बसवाला घेत नव्हता. ह्यो धम्मा सा म्हैन्याचा, पाठीला बांधलेला. चिखल मी तुडवला, भिंती मी घातल्या. पत्रा पडायच्या आधी एका दुपारी पाऊस आला, तवा हीच फळी धम्मावर आडवी धरून बसले. त्येला म्हनलं, हिच्यावर छत्री हाय, तू भिजायचा न्हाईस.”

मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “पाडनार हाय म्हनं. पाडा की, जागा तुमची हाय. पर कुनी इचारलं तर सांगा, गिरजानं बांधलं. पन्नास वरसांत ह्ये कुनी म्हनलं न्हाई. लेकानं बी न्हाई.”

धम्मरत्न खाली बघत म्हणाले, “आई, तू कधी बोलली नाहीस.”

“तू कधी इचारलंस?”

मला लाज वाटली. मघाची हसं झाल्याची नव्हे, ही वेगळी, आतून वाटलेली. माझ्या वहीत जर्मनांवर तीन पानं होती, तीही तीन रंगांत. ज्या बाईनं भिंत घातली तिच्यावर एक ओळ नव्हती. तिला बोलावलं तेही मान डोलवायला.

वर्षाली इतका वेळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिथनंच म्हणाली, “अहो, ठेकेदाराला बोलवायचं राहू दे. वर काय चढवायचं ते नंतर बघू, पण ह्या भिंती आणि हे दार हलायचं नाही. आणि ती पाटी उलटी करा.”

पाटी उलटी केली. मागच्या कोऱ्या बाजूवर सुजितनं कोरलं, ‘हे घर गिरजाबाई धोंडीबा ओव्हाळ यांनी बांधले. १९७४.’ जर्मन साहेब आता भिंतीकडं तोंड करून आहेत.

पाटी बघायला मावशींना पुन्हा आणलं. उतारवयात साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं त्यांचं वाचन. एकेका अक्षरावर बोट ठेवत गेल्या. नावावर बराच वेळ थांबल्या. मग बोट शेवटाला पोचलं आणि कपाळाला आठी पडली.

“साल चुकलंय. त्र्याहत्तरला बांधलं. चौऱ्याहत्तरला निस्ती घरपट्टी लागली.”

सतरा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या मालाला लाल टॅग लागला. मी गडबडीनं म्हणालो, “चुकलं मावशी, उद्याच नवी करून आणतो.”

त्यांनी पदराच्या टोकानं पाटीवरचे बोटांचे ठसे पुसले.

“ऱ्हाऊ द्या,” म्हणाल्या. “नाव बरुबर हाय.”