पाडव्याचं सॉफ्टवेअर

चांगलं चाललेलं काम मुहूर्तापायी मोडायचं, ही आमच्याकडची जुनी खोड. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी श्रीरामपुरात एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग करायचे. त्या वर्षी एका निवृत्त गुरुजींचं पुस्तक माझ्या हातात होतं. तिसगावकडच्या शाळांतल्या नोकरीच्या आठवणी. गुरुजींना काचबिंदू. नजर झपाट्याने जातेय, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यांचं एकच मागणं, "पोरी, माझं पुस्तक मला माझ्या डोळ्यांनी वाचू दे." सगळा मजकूर टाईप होऊन तपासूनही झाला होता. कागद आला की छपाई, एवढंच राहिलं होतं.

आणि मालकांना टायपिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यायची हुक्की आली. तीही गुढीपाडव्यालाच!

मी म्हटलं, "शेठ, गुरुजींचं पुस्तक छापून होऊ द्या, मग खुशाल बदला. निदान जुनं तरी काढू नका."

"ताई, साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त हाय. तो काय तुमच्या गुरुजींसाठी थांबनार व्हय?"

झालं! पाडव्याला कॉम्प्युटरला हार घातला, कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. नगरहून आलेल्या इंजिनिअरने जुनं पुसून नवं टाकलं, जुन्याच्या फ्लॉप्याही बदल्यात घेऊन गेला. मी गुरुजींची फाईल उघडली. पडद्यावर नुसते चौकोन आणि फुल्या. एक अक्षर धड नाही! नव्याला जुन्यातलं वाचताच येत नव्हतं, आणि हे आधी विचारून घ्यायचं एकालाही सुचलं नव्हतं. "करा की परत टाईप," शेठ पेढा चघळत म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

केलं. हस्तलिखितावरून, पहिल्यापासून, लग्नपत्रिकांच्या गर्दीत, बोटं बधिर होईस्तोवर. पुस्तक बाहेर पडायला दिवाळी उजाडली.

गुरुजी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून छापखान्यात आले. शेठ मिरवतच पुढे झाले, "बघा गुरुजी, तालुक्यात पहिलं! नव्या सॉफ्टवेअरवरचं!"

गुरुजींनी पुस्तक पार नाकाजवळ नेलं. बराच वेळ बघत राहिले.

"छान झालंय गं," ते मला म्हणाले. "फक्त अक्षर जरा मोठं घ्यायला हवं होतंस."

त्यांचं बोट मुखपृष्ठावर, त्यांच्या नावावर होतं. तिथलं एकेक अक्षर माझ्या अंगठ्याएवढं होतं.