चाललं तरच उडणारा पक्षी

लोखंडी जाळ्या करणाऱ्यांच्या गल्लीत तिला सगळे ठिणगी म्हणत. वडील गेल्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान विकून टाकू म्हणत काका आले, त्यांना तिने चहा पाजून दारातूनच परतवून लावलं. नाव पडलं ते तेव्हापासून, आणि आईचा जीव टांगणीला लागला तोही तेव्हापासून. पोरीच्या हाताला आई कधीच नावं ठेवत नसे. धास्ती होती ती जिभेची.

अर्धांगवायू झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवणाऱ्या एका दवाखान्याच्या नव्या जाळ्यांचं काम आलं. लांब व्हरांडा, बारा खिडक्या. नकाशात सरळ उभे गज. ठिणगी मापं घ्यायला गेली आणि व्हरांड्यात चालायचा सराव करणारी माणसंच बघत बसली. एकाचीही नजर वर नव्हती. सगळे फरशीकडे डोळे लावून, जणू ती आत्ता दगा देणार. आणि चारच्या उन्हात जुन्या गजांच्या सावल्या त्याच फरशीवर लांबलचक पसरलेल्या.

मग आठवडाभर ही बाई चार वाजता खडूने सावल्या आखत फरशीवर रांगत होती.

प्रत्येक जाळीत तिने गज वाकवून एक पक्षी केला. पहिल्या खिडकीत पंख वर, दुसरीत जरा खाली, तिसरीत आणखी खाली. फरशीवर सावली ताणली जाते, म्हणून जाळीतला पक्षी मुद्दाम आखूड आणि फेंगडा.

आईने दुकानात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हा बेडूक कशाला केलास गं?"

"चार वाजता त्याचा पक्षी होतो."

"आणि सकाळी?"

"सकाळी बेडूकच."

जाळ्या बसल्या आणि इंजिनिअर साहेब तपासायला आले ते नेमके सकाळी. "हात थरथरतो का तुमचा? गज सरळ करा, नाहीतर उद्या माझी माणसं येऊन कापतील."

"चारला येऊन बघा, मग बोला," ठिणगी म्हणाली.

हे कानावर आल्यावर आईला घरी चैन पडेना. आता ही काहीतरी ताडकन बोलणार आणि गावातली सगळी कामं बंद होणार. विसरलेल्या डब्याचं निमित्त करून तीही चारला दवाखान्यात पोचली. व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला साहेबांसमोर कमरेवर हात ठेवून पोरगी उभी.

"डाग पडलेत नुसते फरशीवर," साहेब म्हणत होते.

आई तिला गप्प करायला लगबगीने निघाली. फरशी गुळगुळीत, म्हणून नजर खाली. तिसऱ्या खिडकीपाशी तिला वाटलं, पायाजवळ काहीतरी फडफडलं. ती थांबली, तर पक्षीही थांबला. चालली, तर पंख खाली गेले, वर आले, आणि तो तिच्या पावलांबरोबर निघाला. कशासाठी आलो होतो ते विसरून ती परत मागे गेली आणि पुन्हा चालत आली.

"साहेब, उभं राहून काय दिसणार? चाला की!"

"मावशी, मला कामं आहेत."

"बारा खिडक्या आहेत, बारा कोस नव्हेत."

साहेब फोन चाळत गेले. येताना फोन खिशात होता आणि पाऊल सावकाश. घसा खाकरून म्हणाले, "छान आहे. मान्य. पण नकाशात सरळ गज आहेत. उद्या कापावे लागतील."

"कापा. माझ्या हातून नाही," ठिणगी म्हणाली. "आणि कापायला चारलाच या. लोक चालत असताना."

एरवी आईने तिथेच हात जोडले असते. आज तिने जेवणाचा डबा खिडकीत ठेवला. साहेब जिना उतरून गेले.

जाळ्यांवर अजून गंज रोखणाऱ्या तांबड्या रंगाचा पहिला हातच होता. वरचा काळा रंग कोपऱ्यात डब्यात तसाच पडून.

"हा कधी द्यायचा?" आईने विचारलं.

"उद्या कापणार म्हणतायत ना."

"उद्याचं उद्या," आईने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं. "दुसरा ब्रश दे मला."