पॅरिसच्या बर्फावरची बुरशी

"सगळे डाग गेले पाहिजेत. आईला एकही दिसता कामा नये," डेक्लन मास्कमधून म्हणाला.

टेबलावर एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच एचिंग होतं. पॅरिसमधला हिवाळा. बर्फाने भरलेला रस्ता आणि लाकडांची हातगाडी ओढणाऱ्या, कमरेत वाकलेल्या दोन बायका. त्यांच्या पायाशी बर्फात तपकिरी बुरशी पसरली होती.

मी पुण्याची. डब्लिनमधल्या एका स्टुडिओत जुन्या कागदांची दुरुस्ती करते. ही गोष्ट २०२१ च्या सुरुवातीची, लॉकडाऊनमधली. डेक्लनची आई शहराजवळच्या ल्यूकनमध्ये, वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये होती. तिचं गावाकडचं घर त्याने कुलूप लावून, हीटिंग बंद करून सोडून दिलं होतं. ख्रिसमसला उघडलं तेव्हा भिंती ओलीने काळ्या पडलेल्या. आईला मात्र तो फोनवर सांगत आला होता, घर ग्रँड आहे, म्हणजे तिथल्या बोलीत अगदी ठीक. आता तिला त्या घरातलं हे चित्र आपल्या खोलीत हवं होतं.

"डागापुरतंच ब्लीच करा ना," तो म्हणाला.

एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या रेघांत शाई भरून ती कागदावर उतरवतात. जिथे रेघ नाही, तिथे कागद कोरा राहतो. म्हणजे चित्रातला बर्फ हा नुसता कागद. डागापुरतं ब्लीच केलं तर बर्फात पांढरे खड्डे दिसतात. धुवायचा तर अख्खा कागद धुवावा लागतो.

"मग धुवा."

"सगळाच उजळेल. त्यांनी तो वर्षानुवर्षं पिवळट पाहिलाय. लक्षात येईल त्यांच्या."

"तिला आता फारसं दिसत नाही हो."

माझं डोकंच फिरलं. घर सांभाळलं नाही आणि आता चित्राला खोटं बोलायला लावतोय! स्टुडिओची मालकीण फियोना हिच्याकडे तक्रार केली.

"तू कागद दुरुस्त करतेस, कुटुंबं नाही," ती म्हणाली.

बुरशी मऊ ब्रशने काढली. कागद पाण्यात धुतला, टिपकागदांत दाबून वाळवला. काम उत्तम झालं, हे कबूल करायला हवं.

चित्र पोचवायला मीच गेले. भेट खिडकीतूनच. आई आत खुर्चीत, आम्ही बाहेर थंडीत, फोन स्पीकरवर. डेक्लनने चित्र काचेला लावलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"हे कोणी धुतलं?"

"थोडं साफ करून घेतलं, आई."

"घराला ओल आली?"

त्याने चित्र काचेवर सरळ केलं.

"डेक्लन, भिंती गेल्या का?"

"हो."

तिने मान हलवली आणि नर्सला खुर्ची वळवायला सांगितलं. चित्र आत घेतलंच नाही. डेक्लन काचेपाशी तसाच उभा राहिला. एवढा राग असूनही मला त्याची कीव आली.

महिनाभरात डेक्लनची आई गेली.

काम हातात घेण्याआधी क्लायंटला परिणाम समजावून सांगा, असं आमच्या धंद्यात शिकवतात. मी सांगितला होता. सांगितल्याने कोणी थांबतं, असं मात्र नाही.