दोन पेठांमधला पास

परवा नोएडाच्या मेट्रोत एक घामेजलेला तरुण शेजारी येऊन उभा राहिला आणि दुखऱ्या पायांना चोळायच्या मलमाचा, मातीचा आणि ओल्या मोज्यांचा मिळून एक वास डब्यात पसरला. आजूबाजूच्या बायकांनी ओढण्या नाकाला लावल्या. मी मात्र तो उतरेपर्यंत तो वास छाती भरून घेत राहिले. कुणाला मोगऱ्याने माहेर आठवतं, मला या वासाने दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातला एक फुटबॉल क्लब आठवतो. आवड आपली आपली!

सरकारी क्वार्टर्समधल्या मराठी मंडळींनी हौसेनं चालवलेला हा क्लब लीगच्या सगळ्यात खालच्या श्रेणीत वर्षानुवर्षं सुखाने नांदत होता. ज्येष्ठतेनं बढती मिळत असती तर तो केव्हाच वर गेला असता. गोलरक्षक पहाडगंजच्या एका शाळेतले ड्रिलमास्तर. बचावफळीत निरनिराळ्या मंत्रालयांतले बाबू, आणि कचेरीत फाइल अडवण्याचा त्यांचा अनुभव मैदानावर अजिबात उपयोगी पडत नसे. मी पुण्याची, मंत्रालयात अनुवादक. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण अक्षर बरं आणि फॉर्म भरण्याची सवय, म्हणून क्लबची कागदपत्रं माझ्याकडे आली होती. या साऱ्याच्या मध्यभागी होते आमचे सेक्रेटरी काका. नागपूरकडचे, अवर सचिव, चार शब्दांत काम होत असेल तर तीनच वापरणारे. बैठकीच्या खोलीत बुद्धमूर्तीच्या शेजारी त्यांनी क्लबचे सगळे ग्रुप फोटो ओळीने लावले होते. तरुणपणी ते स्वतः उजव्या बगलेवर खेळत. मार्चअखेर ते निवृत्त होणार होते, क्वार्टर सोडून नागपूरला परतणार होते, आणि जाण्याआधी क्लब एक पायरी वर चढलेला पाहायचा, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यात बोलून दाखवली असावी.

त्या वर्षी नवल घडलं. अर्धा हंगाम संपला तेव्हा आम्ही चक्क तिसरे होतो! जानेवारीत नवे खेळाडू नोंदवायची पंधरा दिवसांची मुभा असते. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या अंगात उत्साह संचारला. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला आलेल्या मराठी मुलांच्या अभ्यासिकांमधून मी चौकशी केली आणि दोन हिरे शोधून काढले. एक उंच, शांत, गोलासमोर उभा राहणारा. दुसरा बुटका, वाऱ्यासारखा, बगलेवरून पळणारा. दोघेही कोल्हापूरचे. कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं वेड, एवढं मलाही ठाऊक होतं. "एकाच गावचे आहेत, जोडी छान जमेल," असं मी काकांना छातीठोकपणे सांगितलं आणि दोन्ही फॉर्म स्वतःच्या हाताने भरले. वस्तीत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. भाजीच्या गाडीपाशी बायकासुद्धा वरच्या श्रेणीच्या गोष्टी करू लागल्या.

पहिल्या सामन्यात बुटक्याने चार जणांना चकवलं आणि गोलासमोर एकटा उभा असलेला उंच मुलगा सोडून चेंडू सरळ बाहेर मारला. दुसऱ्या सामन्यात उंचाने तेच केलं. आम्हाला वाटलं, डावपेच असेल. तिसऱ्या सामन्यातही तेच झालं तेव्हा मी बुटक्याला गाठलं.

"ताई, तो त्या पेठेचा हाय," तो अगदी सहज म्हणाला.

"मग?"

"मग काय मग? आमच्या घरात तीन पिढ्या त्या पेठेविरुद्ध खेळल्यात. त्याला पास दिलेला गावात कळलं तर तोंड दाखवायचं कसं?"

उंचाचं म्हणणं हेच, फक्त पेठ उलटी. मी कपाळाला हात लावला. पुण्यात आम्हालाही पेठा आहेत, पण आम्ही वैर तोंडाने करतो, पायाने नाही. काकांना सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते रागावले नाहीत. "रविवारी दोघांना जेवायला आणा," एवढंच म्हणाले.

रविवारी काकूंनी सावजी मटण केलं होतं. मुलं दोन टोकांना बसली, एकमेकांकडे न पाहता जेवली. काकूंनी वाढता वाढता सहज विचारलं, "काय रे, असं मटण तुमच्याकडे मिळते का?" उंचाचा घास हातातच राहिला. तो अदबीने म्हणाला, "काकू, छान झालंय. पण तांबडा-पांढरा तो तांबडा-पांढराच." बुटका पटकन बोलून गेला, "बरोबर बोलला त्यो." आपण कुणाची बाजू घेतली हे त्याचं त्यालाच कळलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. काकूही इरेला पेटल्या. "मग येत्या रविवारी करूनच दाखवा की. बिल्कुल माझ्या समोर." पुढच्या रविवारी त्या दोघांनी काकूंच्या स्वयंपाकघरात पांढऱ्या रश्श्यात खसखस किती यावरून जे भांडण केलं, ते ऐकत मी ओट्याशी उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं. इतके शब्द ते महिनाभरात एकमेकांशी बोलले नव्हते. रस्सा अप्रतिम झाला. काकूंनी हार मानली नाही, पण दोनदा वाटी पुढे केली.

मैदानावर मात्र लगेच काही बदललं नाही. दोघे आपापल्या हिमतीवर गोल करत राहिले आणि आम्ही धापा टाकत शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. जिंकलो तर वर, नाहीतर पुन्हा होतो तिथेच. काकांच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. दुपारचं ऊन, मैदानाकडेला सावरीच्या लाल फुलांचा सडा, बरोबरी आणि शेवटची काही मिनिटं. बुटका बगलेवरून सुटला, पार कोपऱ्यापर्यंत गेला. तिथून गोल होणं शक्य नव्हतं, आणि तरी तो स्वतःच मारणार हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी डोळे मिटणार, एवढ्यात तो थांबला. त्याने मान वर करून उंचाकडे पाहिलं आणि चेंडू अलगद त्याच्या पायात दिला. गोल! ड्रिलमास्तर आपला गोल उघडा टाकून नाचत सुटले. काका खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, आणि चष्मा काढून पुसत राहिले. मी तर रडलेच. मैदानातून बाहेर आल्याबरोबर दोघे माझ्याकडे धावले ते आनंद सांगायला नव्हे, तर "ताई, व्हिडिओ काढला असला तर डिलीट करा, पेठेत गेला तर वाट लागंल," हे सांगायला.

पुढच्या हंगामातला वरच्या श्रेणीतला पहिला सामना पाहायला काका नव्हते. त्या सामन्यात आम्ही चार गोलांनी सपाटून हरलो. संध्याकाळी नागपूरला फोन करताना मला धीर होत नव्हता. इतक्या वर्षांचं स्वप्न त्या माणसाने पुरं करून आमच्या हाती सोपवलं आणि आम्ही पहिल्याच दिवशी त्याची ही गत केली! मी कसाबसा आकडा सांगितला.

"ताई, पोरं पास देतात ना एकमेकांना?"

"देतात, काका. आज तर फारच दिले. त्याच नादात गोल मारायचे राहिले."

काका हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना मोठ्याने हसताना पहिल्यांदाच ऐकलं. "मग झालं," म्हणाले आणि आत वळून काकूंना ती बातमी सांगू लागले, जणू आम्ही जिंकलोच होतो. फोन ठेवायचं विसरले, आणि मीही ठेवला नाही. पुढच्या वर्षी क्लब परत खाली आला, बैठ्या क्वार्टर्सच्या जागी उंच इमारती आल्या, मुलं आपापल्या वाटेनं गेली. काळ असं सगळं आवरून नेतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या संध्याकाळी मी कितीतरी वेळ फोन कानाला लावून दोन म्हाताऱ्या माणसांचा आनंद ऐकत बसले होते, एवढं मात्र माझ्याकडून कुणी नेऊ शकलेलं नाही.