गयाबाईचा कोयता

आमचं घर एकाच सकाळी दोन्हीकडून रिकामं झालं. दिवाळी सरली होती. रस्त्याच्या कडेला ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक उभा होता. त्यात गोधड्या, डबे, कोंबड्यांचं खुराडं, आणि या सगळ्या पसाऱ्यावर माझी माय आणि दादा, म्हणजे माझे वडील. ट्रक कारखान्याच्या मुलखाला निघाला होता आणि मी पत्र्याची पेटी घेऊन बीडला, वसतिगृहात. आठवीत होते. त्याआधी दर साली मीही त्याच पसाऱ्यावर बसून जायचे आणि शाळा अर्धी सोडायचे. त्या वर्षी गुरुजींनी खटपट करून मला जागा मिळवून दिली होती.

ट्रक हलला तसे दादा तोंड फिरवून दोर आवळायला लागले. दोर आधीच आवळलेला होता. माय मात्र माझ्याकडेच बघत होती. रडेल असं वाटलं, पण ती ओरडली, "कुणी इचारलं तर आदी तुपलं नाव सांग, मंग बापाचं!"

त्या ट्रकामागे माझ्याबरोबर धावलेल्या पोरींनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. तुमच्यातल्या काही अजून उसाच्या फडात आहेत, एक माजलगावात सासरी सुखानं नांदते, एकदोघी माझ्यासारख्या पुण्यात येऊन घराचे हप्ते फेडतायत. मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर तुम्ही फुलांचा नुसता पाऊस पाडलात आणि शेवटी इंदूनं विचारलं, "एमडी झाली म्हंजे डाक्टर झाली का गं?" नाही बाई. कुणाची नाडी माझ्या हातात द्यायची वेळ येऊ नये. मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीची मॅनेजिंग डायरेक्टर झालेय, म्हणजे तिथली मुख्य. पण ती कशी झाले हे कळायला मायचा कोयता ठाऊक हवा.

तुम्हाला तो ठाऊक आहे, पण आता आपली पोरं इंग्रजी शाळेत जातात, त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती मोळी बांधणार, डोक्यावर वाहून ट्रक भरणार. काम दोघांचं, नाव एकाचं. मुकादम सकाळी तोडायच्या उसाच्या सऱ्या वाटताना पुकारायचा, "ज्ञानोबाचा कोयता!" की माय आणि दादा दोघं उठायचे. मायला स्वतःचं नाव आहे हे तिथं कुणाच्या गावीही नव्हतं. घरी तरी कुठं होतं? दादा तिला 'सुनंदाची माय' म्हणायचे, ती त्यांना 'अवो'. नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, ही आपली रीत. उखाण्यात घ्यायचं तेवढं.

मी वसतिगृहात जायच्या आदल्या हंगामात दादा ट्रक भरताना फळीवरून पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. आता कोयता कसा चालायचा? मुकादम म्हणाला, घरी जा. त्याच टोळीत माझी शांता चुलती होती. चुलता कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला लागला होता, म्हणून तीही जोडीविना बसून होती. माय तिला घेऊन मुकादमासमोर उभी राहिली. म्हणाली, "मी तोडते, शांता मोळ्या बांधील. झाला कोयता."

मुकादम हसला. "बाई-बाईचा कोयता कुटं असतो व्हय? गडी लागतो."

"उसाला इचारून बगा, त्याला कोन लागतं ते," माय म्हणाली.

माणसं कमी होती, कारखान्याचा तगादा होता. मुकादम कबूल झाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सऱ्या वाटताना त्यानं पुकारलं, "ज्ञानोबाचा कोयता!" माय उठली नाही. शांता चुलती अर्धी उठली होती, मायनं तिला पदर धरून खाली बसवलं. मुकादमानं पुन्हा पुकारलं. माय शांतपणे म्हणाली, "ज्ञानोबाचा हात गळ्यात हाय. ते कोपीवर भाकरी थापायलेत. मपलं नाव पुकारा."

सगळी टोळी बघत होती. मी चुलतीच्या मागे बसले होते. मुकादमानं हाकललं असतं तर आम्ही जाणार कुठं? तो चिडला, इकडंतिकडं बघितलं, रिकाम्या ट्रकाकडं बघितलं. मग कडू काढा प्यावा तसं तोंड करून म्हणाला, "गयाबाईचा कोयता!"

माय उठली. पदर खोचला आणि निघाली. तिची चालच बदलली होती, असं मला आजही वाटतं.

कोपीवर, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीत, दादांनी त्या दिवशी भाकरी करपवल्या. दुसऱ्या दिवशीही करपवल्या. एका हातामुळे की रागामुळे, हे कुणी विचारलं नाही. पण हंगाम सरेपर्यंत तोच कोयता पुकारला गेला. पुढच्या साली दादांचा हात बरा झाला आणि सगळं परत जिथल्या तिथं गेलं. मी मायला विचारलं होतं, तुला वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, "एक साल तरी पुकारलं की." हे तिनं हसून सांगितलं म्हणून मला ते जास्त लागलं.

वसतिगृहानंतर पॉलिटेक्निक, मग डिग्री, मग पुणे. पुण्यात पहिल्या दिवशी सुपरवायझरनं विचारलं, "तुम्ही कुणाकडून?" म्हणजे वशिला कुणाचा. मी आधी माझं नाव सांगितलं, मग बापाचं. शॉप फ्लोअरवर मी एकटीच बाई, आणि बायकांचं स्वच्छतागृह दुसऱ्या इमारतीत. माझी भाषा ऐकून लोक गालात हसायचे. मी 'लई' म्हणायचं सोडलं, 'खूप' म्हणायला शिकले, आणि पुढं मोठी झाल्यावर परत 'लई' म्हणायला लागले. आता माझ्या मीटिंगमध्ये डिलिव्हरी 'लई उशिरा' झाली असं गुजरातचा मॅनेजरही म्हणतो. पंप उघडून जोडण्यापासून सुरुवात केली ती कारखान्याची प्रमुख झाले. कुणी उपकार केले नाहीत. मला काम येत होतं.

मग जुने एमडी निवृत्त झाले आणि बोर्डानं मला बोलावलं. लांबलचक टेबल, थंडगार एसी, भिंतीवर चेअरमनसाहेबांच्या वडिलांचा फोटो. चेअरमन माणूस सभ्य आहे, मला कायम मानानं वागवलेलं. ते म्हणाले, "सुनंदाबाई, कारखाना तुमच्याच हातात राहणार, निर्णयही तुमचेच. फक्त बँका, डीलर, सरकार यांच्यासमोर जरा वजन लागतं. तेव्हा एमडी म्हणून सुधीरचं नाव घालू. तुम्ही बरोबर आहातच. उत्तम जोडी होईल." सुधीरराव म्हणजे त्यांचे भाचे. सेल्स बघतात, बोर्डावरही आहेत, मनानं चांगले, पंपाचं तोंड कुठलं ते मात्र विचारावं लागतं.

जोडी म्हटल्यावर मला हसूच आलं. एवढी शिकले, एवढ्या लांब आले, आणि मुकादम इथंही आधीच येऊन बसलेला. आत कुठंतरी रडूही आलं होतं, ते मी टेबलाखाली ठेवलं. हो म्हटलं असतं तर पगार वाढला असता, गाडी मिळाली असती आणि जन्मभर मी मोळ्या बांधल्या असत्या. नाही म्हटलं तर कदाचित नोकरीच सोडावी लागली असती. लेक बारावीला होती.

मी म्हणाले, "साहेब, जोडीला माझी संमती नाही. सुधीररावांना एमडी करायचं तर जरूर करा, मी राजीनामा देऊन त्यांना शुभेच्छा देईन. मला करायचं तर ठराव एकट्या माझ्या नावाचा आणा." आणि गप्प बसले. मायचं बघून एवढं शिकले होते, की एकदा बोलून झालं की गप्प बसायचं.

त्या बोर्डात एकच बाई होत्या, गोगटे मॅडम. चार्टर्ड अकाउंटंट. कायद्यानं एक तरी बाई लागते म्हणून आणलेल्या, असं कँटीनमध्येसुद्धा बोललं जायचं. हिशेबाचा विषय सोडून त्या कधी तोंड उघडत नसत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "ठराव मी मांडते. सुनंदा यांच्या एकट्यांच्या नावाचा. अनुमोदन कोण देतंय?"

मला एकदम शांता चुलती दिसली. माय त्या सकाळी कितीही ताठ बसली असती, तरी मोळ्या बांधणारी शेजारी नसती तर तो कोयता झालाच नसता. पोरींनो, हे मला तोवर कळलं नव्हतं. एकटीनं पुढं जायचं असतं असंच मी समजत होते.

अनुमोदन सुधीररावांनीच दिलं. "सुटलो बुवा," म्हणाले, आणि सगळे हसले. चेअरमनसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि ठराव वाचायला घेतला. माझं नाव त्यांनी सावकाश, पूर्ण वाचलं. आता त्या टेबलावर गोगटे मॅडम आणि मी शेजारी बसतो. पुढच्या वर्षी तिसरी आणायची आमची तयारी चालू आहे, आणि कारखान्यात दोन शिफ्ट मुलींच्या हातात दिल्यात. बाई-बाईचा कोयता नीट चालतो, काळजी नसावी.

मायला फोन केला तर तिनं एकच विचारलं, "एका सालापुरतं हाय का कायमचं?" मी म्हणाले, "मायं, कायमचं करतेच."

परवा दोन दिवस घरी गेले. आता तिथं सिमेंटचं घर आहे, माय-दादा फडावर जात नाहीत. टोळ्या मात्र अजून जातात, आणि नावं अजून गड्यांचीच पुकारतात. पुण्यात माझा फ्लॅट आहे, लेकीची खोली आहे, तुळसही आहे, आणि तेही माझं घरच आहे. तरी गावाकडं जाताना पाटोदा मागं पडलं की मी गाडीत नीट सरसावून बसते.

दादा ओट्यावर बसले होते. गाडी थांबल्यावर काठी टेकत उठले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि घराकडं तोंड करून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "गयाबाईचा कोयता आलाय!"

आत भांडं वाजलं. उभ्या जन्मात दादांनी तिचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं, तिनंही ऐकलं नसावं. माय चुलीपासून उठली, पदर खोचला आणि बाहेर आली.