कवीचं डोकं

गल्लीत सगळे त्यांना सलूनवाले काका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी एका नामवंत कवीचे केस कापले. शाळेच्या पुस्तकांतून ज्यांच्या कविता मुलं पाठ करत, असा हा माणूस. काकांनी मात्र त्यांची एकही ओळ वाचली नव्हती. त्यांच्या लेखी ते नुसते 'सर'.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी सर खुर्चीत बसत. बोलणं बेताचंच. एकदा काका म्हणाले, "सर, डोक्यावर दोन भोवरे आहेत तुमच्या. म्हणजे दोन लग्नं!"

"हळू बोला," सर म्हणाले, "घरी कळलं तर आहे तेही मोडेल."

सर गेले. वर्षभराने वाचनालयाने त्यांचा अर्धपुतळा करायला घेतला. शिल्पकार बाई तरुण, पण हाताची पक्की. फोटो पाहून तिने मातीत चेहरा हुबेहूब उतरवला. सरांची मुलगी बघायला आली.

"नाक बरोबर, डोळे बरोबर. पण हे बाबा नाहीत. काय चुकलंय, ते मलाही सांगता येत नाही."

बाईने तीनदा चेहरा मोडला. मग तिच्या ध्यानात आलं, की एकूण एक फोटो समोरून काढलेले. मागचं डोकं तिने अंदाजानेच केलं होतं. सरांचे केस कोण कापत, हे मुलीला विचारून ती तडक काकांच्या सलूनमध्ये आली.

काका तिच्या कार्यशाळेत गेले, हात धुतले, डोळे मिटून मातीवरून बोटं फिरवली.

"मागून एवढं गोल नव्हतं हो, चपटं होतं. आणि उजव्या कानामागे खळगा. तिथे कात्री तिरपी धरावी लागायची." त्यांनी अंगठ्याने माती दाबून दाखवली.

नेमके तेव्हाच वाचनालयाचे अध्यक्ष आले. त्यांना खांद्यावर रुळणारे केस हवे होते. "अहो, कवी वाटायला नको का?"

"साहेब, केस कॉलरला लागले की सरांचा जीव वर-खाली व्हायचा," काका म्हणाले. अध्यक्षांनी लांब केसांचा हट्ट सोडला.

मुलगी पुन्हा आली. या वेळी ती पुतळ्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. "शाळेत जाताना रोज सायकलवर मागे बसायचे मी. मला बाबा असेच दिसायचे."

पुतळा ओतून झाल्यावर अध्यक्षांनी तो भिंतीला टेकवून ठेवला. मुलगी हटून बसली, तेव्हा कुठे तो दालनाच्या मधोमध आला.

अनावरणाला एका बातमीदाराने काकांना विचारलं, "तुमच्यावर कविता केली होती का हो त्यांनी?" काका चपापले. दुसऱ्याच दिवशी ते वाचनालयाचे सभासद झाले. तीन महिन्यांत सरांची सगळी पुस्तकं वाचून काढली. काही कविता कळल्या, काही डोक्यावरून गेल्या. काकांवर एकही नव्हती. वाईट वाटलंच, खोटं कशाला बोला.

सरांचा थोरला मुलगा घर सोडून गेला होता, ते काकांना पुस्तकातूनच कळलं. त्या वर्षीच्या कवितांखाली तारखा होत्या. काकांनी वार काढून पाहिला, तर त्यातली एक चक्क महिन्याच्या पहिल्या सोमवारची, सर काकांच्या खुर्चीत बसले होते त्या दिवसाची.

"आत हे चाललं होतं," काका बायकोला म्हणाले, "आणि मी विचारत होतो, कल्ले कुठवर ठेवू?"

"मग काय विचारायला हवं होतं?" ती म्हणाली.

काकांनी ती कविता पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.